बंदिशाळेंतील हुन्नर व चांद्याचा मुलूख

बंदिवानाकडून काम घेण्याची चाल फार जुनी आहे. परंतु तें काम सुटकेनंतर त्याच्या उपजीविकेस उपयोगी पडावें, ही कल्पना अलीकडची होय. हा भेद दाखविणें हाच प्रस्तुत टिपणाचा हेतु.

कौटिल्यानें नागरकाच्या प्रकरणांत कैद्यांच्या सुटकेचे मार्ग सांगितले आहेत. त्यांत शारीर दंड व द्रव्य यांच्या जोडीस 'कर्म' आहे. येथें कर्म हें निष्क्रय होय, शिक्षण नव्हे. मराठी अमदानींत कैदी गडांवर ठेवीत व त्यांजकडून इमारतींचीं वगैरे कामें करवीत. त्यांतही लाभ सरकारचा.

इंग्रजी अमलांत १८३८ च्या तुरुंग समितीनें कंटाळवाण्या, निरस श्रमावरच भर दिला. पुढें तुरुंगांत कारखाने निघाले. आग्र्याच्या कैद्यांनीं विणलेला गालिचा विंडसरच्या राजवाड्यांत गेला. हुन्नराचा तो उत्तम नमुना खरा, पण विणकराचें पुढें काय, हा प्रश्न राहिलाच. कैद्याची सुधारणा हेंहि शिक्षेचें उद्दिष्ट असावें, असें १९१९-२० च्या समितीनें स्पष्ट म्हटलें. महाराष्ट्रांत त्याचें ठळक उदाहरण म्हणजे औंध संस्थानानें १९३९ सालीं आटपाडीजवळ वसविलेलें स्वतंत्रपूर. तेथें कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. माणदेशच्या माणसास माणदेशचीच माती दिली, हें त्यांतील मर्म.

आतां चांद्याकडे वळूं. येथील कारागृह गोंडराजांच्या जुन्या राजवाड्याच्या जागीं आहे. बाबूराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं येथेंच फांशी दिलें. ज्या वास्तूंत या अरण्याचें राज्य होतें, तेथेंच अरण्यवासी बंदी झाला. अशा माणसास लोकरीचें विणकाम शिकवून सिरोंच्याकडे धाडिलें, तर तेथें त्यास ना माग, ना सूत, ना गिऱ्हाईक. बांबू मात्र दारीं आहे. चिचपल्ली येथें २०१४ सालीं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालें, त्याचें महत्त्व या दृष्टीनें ध्यानांत घ्यावें.

परंतु हातीं कसब असून कच्चा माल सरकारी कुलपांत, तर कसब व्यर्थ. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क व २०११ सालीं बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला. म्हणून बंदिशाळेंतील शिक्षण व जंगलावरील हक्क हीं एकाच प्रश्नाचीं दोन अंगें मानिलीं पाहिजेत.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, सनदा व बखरी यांबरोबर तुरुंगांतील कामवाटपाचे तक्ते व कारखान्यांच्या वह्याहि जपून ठेवाव्या. रद्दींत गेलेल्या अशा एका वहीबरोबर कित्येक निनांवी कारागिरांचा एकमेव पुरावा नाहींसा होतो.