संसदेतील वाशिम जिल्ह्याचे प्रतिनिधित्व

महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वाशिम जिल्ह्याचे लोकसभेतील प्रतिनिधित्व यवतमाळ-वाशिम आणि अकोला या दोन मतदारसंघांतून होते. जिल्ह्याच्या नावाचा मतदारसंघ असला तरी संपूर्ण जिल्हा त्यात येत नाही. कोरडवाहू शेती, सोयाबीनचा भाव, कर्जमाफी, रेल्वेमार्ग आणि बंजारा समाजाच्या मागण्या हे या जिल्ह्यातून संसदेकडे जाणारे प्रमुख विषय आहेत.

मतदारसंघाची रचना

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. लोकसभेचा वाशिम मतदारसंघ मात्र जिल्ह्याहून जुना असून त्यात पुसद परिसराचाही समावेश होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो संपुष्टात आला व २००९ पासून यवतमाळ-वाशिम मतदारसंघात निवडणुका होऊ लागल्या. वाशिम (अनुसूचित जातींसाठी राखीव), कारंजा, राळेगाव (अनुसूचित जमातींसाठी राखीव), यवतमाळ, दिग्रस आणि पुसद हे विधानसभा मतदारसंघ त्यात मोडतात. रिसोड विधानसभा मतदारसंघ अकोला लोकसभा मतदारसंघाला जोडलेला आहे. त्यामुळे रिसोड व मालेगाव भागातील शेतकऱ्याचा खासदार वेगळा आणि शेजारच्या वाशिम तालुक्यातील शेतकऱ्याचा वेगळा, अशी स्थिती आहे. जिल्हाधिकारी कार्यालय मात्र दोघांचे एकच.

लोकप्रतिनिधी

वाशिम मतदारसंघातून १९७७ मध्ये माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक निवडून आले. १९८० व १९८४ मध्ये जम्मू-काश्मीरचे गुलाम नबी आझाद येथून विजयी झाले. ते १९८२ मध्ये केंद्रात उपमंत्री झाले. मंत्री झालेला सदस्य सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तरे देतो. त्यामुळे अशा काळात मतदारसंघाचे गाऱ्हाणे प्रश्नोत्तरांच्या नोंदीत क्वचितच दिसते. अकोल्याचे संजय धोत्रे २०१९ ते २०२१ या काळात केंद्रीय राज्यमंत्री होते, तेव्हा रिसोड भागाबाबतही हेच घडले. मंत्रिपदाचा मतदारसंघाला होणारा लाभ आणि प्रश्नाचा गमावलेला अधिकार यांची तुलना करणे सोपे नाही.

१९८९ व १९९१ मध्ये अनंतराव देशमुख, १९९६ मध्ये शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी आणि १९९८ मध्ये माजी मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक निवडून आले. पुंडलिकरावांच्या कन्या भावना गवळी यांनी १९९९ व २००४ मध्ये वाशिममधून आणि २००९, २०१४ व २०१९ मध्ये यवतमाळ-वाशिममधून अशा सलग पाच निवडणुका जिंकल्या. त्यांचे गाव रिसोड २००८ नंतर त्यांच्याच मतदारसंघाबाहेर गेले. २०२२ च्या शिवसेनेतील फुटीत त्या एकनाथ शिंदे यांच्या गटात गेल्या. २०२४ मध्ये शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे संजय देशमुख येथून विजयी झाले. अकोल्यातून त्याच वर्षी भाजपचे अनुप धोत्रे निवडून आले.

प्रश्न मांडण्याची साधने

लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न असतात. कोणाचा प्रश्न घ्यायचा हे सोडतीने ठरते. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. यादीतील सर्व तारांकित प्रश्न एका तासात क्वचितच होतात. अतारांकित प्रश्नाची वर्तमानपत्रांत फारशी दखल घेतली जात नाही, पण आकडेवारी मिळवण्यासाठी तेच अधिक उपयोगी ठरतात.

दुपारी बारानंतरच्या शून्य प्रहराचा उल्लेख नियमावलीत नाही. भारतीय संसदेत तो प्रथेने रूढ झाला. तातडीचा विषय थोडक्यात मांडण्याची सोय त्यात आहे, पण मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन नाही. नियम ३७७ अन्वये सदस्य एखादा विषय लिखित मजकुराच्या रूपाने मांडतो व संबंधित मंत्रालय त्याला नंतर पत्राने उत्तर देते. नियम १९७ खालील लक्षवेधी सूचनेवर मंत्र्यांना निवेदन करावे लागते.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेले शब्द पाळले गेले की नाही हे सरकारी आश्वासन समिती तपासते. लोकसभेची ही समिती १९५३ मध्ये स्थापन झाली. ‘विषय विचाराधीन आहे’ यासारखे वाक्यही आश्वासन मानले जाते आणि त्याची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते. मुदतवाढ मागण्याची सोय असल्याने काही आश्वासने वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात. जिल्हा पातळीवर केंद्रीय योजनांचा आढावा घेण्यासाठी २०१६ पासून खासदाराच्या अध्यक्षतेखाली ‘दिशा’ समिती काम करते.

या सर्व साधनांना नियम ४१ ची मर्यादा आहे. जो विषय प्रामुख्याने भारत सरकारच्या कक्षेतील नाही त्यावर प्रश्न स्वीकारला जात नाही. पैनगंगेवरील बंधारे, विदर्भाचा सिंचन अनुशेष, शेतीपंपांची वीज हे विषय राज्याचे असल्याने ते विधानसभेत जातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र पाणी, भाव आणि कर्ज ही एकच अडचण असते.

शेतीचे प्रश्न

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जून-जुलै २००६ मध्ये विदर्भाचा दौरा केला आणि वाशिमसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वर्धा हे उरलेले जिल्हे होत.

२९ फेब्रुवारी २००८ रोजी अर्थसंकल्पात जाहीर झालेली कर्जमाफी उत्तरदायित्वाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना पूर्ण माफी आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना एकरकमी परतफेडीवर २५ टक्के सूट असे तिचे मूळ स्वरूप होते. पश्चिम महाराष्ट्रातील बागायतदाराची दोन हेक्टर जमीन आणि वाशिममधील कोरडवाहू शेतकऱ्याची चार हेक्टर जमीन यांच्या उत्पन्नातील फरक या मोजपट्टीत दिसत नव्हता. विदर्भातून यावर तीव्र आक्षेप घेतले गेले. मे २००८ मधील अंतिम मार्गदर्शक तत्त्वांत अवर्षणप्रवण व तत्सम २३७ जिल्ह्यांतील मोठ्या धारकांना २५ टक्के किंवा २०,००० रुपये यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती देण्याची तरतूद झाली. आक्षेप अंशतः मान्य झाला. दोन हेक्टरची अट कायम राहिली.

जिल्ह्यात कापसापेक्षा सोयाबीनला अधिक महत्त्व आल्यानंतर प्रश्नांचा रोखही बदलला. सोयाबीनची किमान आधारभूत किंमत केंद्र ठरवते. २०२४-२५ साठी ती क्विंटलमागे ४,८९२ रुपये आणि २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये होती. बाजारातील भाव मात्र आयात खाद्यतेलावरील शुल्कावरही अवलंबून असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ सीमाशुल्क २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणले गेले. शहरी ग्राहकाला दिलासा देणारा हा निर्णय वाशिमच्या बाजार समितीत तोट्याचा ठरू शकतो, आणि तो निर्णय दिल्लीतच होत असल्याने त्याचा जाब विचारण्याची जागाही संसदच आहे.

रेल्वे

मूर्तिजापूर-यवतमाळ ही कारंजामार्गे जाणारी अरुंद मार्गाची ‘शकुंतला’ रेल्वे ब्रिटिश काळात किलिक निक्सन कंपनीने उभारली. स्वातंत्र्यानंतरही तिची मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे राहिली व भारतीय रेल्वे करारानुसार गाडी चालवून कंपनीला मोबदला देत असे. मँचेस्टरला १९२१ मध्ये तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. मार्ग सरकारने ताब्यात घेऊन रुंद करावा ही मागणी विदर्भातून सातत्याने होत आली आहे. दरम्यान प्रवासी गाडी बंद पडली. तुलनेने अकोला-पूर्णा मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण होऊन वाशिम शहर मोठ्या मार्गाच्या जाळ्यात आले. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, परंतु हा मार्ग मतदारसंघातून जात असला तरी वाशिम जिल्ह्याला स्पर्श करत नाही.

इतर विषय

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणल्या जाणाऱ्या या समाजाची अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ नुसार या यादीत बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेला असल्याने, या बाबतीत राज्य सरकार शिफारशीपलीकडे जाऊ शकत नाही.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने वाशिमचा समावेश आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात केला. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे अन्य तीन जिल्हे त्यात होते. आरोग्य, शिक्षण, शेती या क्षेत्रांतील निर्देशांक या कार्यक्रमात नियमित मोजले जातात. वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.