सागरी जलजीवालयातील जलरसायन : मुंबई

प्रवाळ, समुद्रपुष्पे आणि प्रवाळभित्तींच्या आश्रयाने राहणारे मासे ज्या टाकीत एकत्र ठेवतात, तिला प्रवाळ जलजीवालय म्हणतात. तीमधील पाणी समुद्राच्या पाण्यासारखे राखणे, ते बिघडल्यास ओळखणे आणि जिवांस अपाय न होऊ देता ते पूर्ववत करणे, हा अशा जलजीवालयाचा खरा प्रश्न होय. दिवे, पंप व सजावट या बाबी त्या मानाने गौण आहेत. मुंबई बेट तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले असूनही हा प्रश्न येथे विशेष अवघड ठरला. गिरगाव चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या हौशी माणसालाही आपल्या टाकीसाठी समुद्राचे पाणी नळाच्या पाण्यात लवणे विरघळवून घरी तयार करावे लागते.

समुद्राचे पाणी कृत्रिम रीतीने बनविता येते, यामागे १९ व्या शतकातील एक महत्त्वाचा शोध आहे. अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये निरनिराळ्या समुद्रांतील पाण्याची तुलना केली, तेव्हा लवणांचे एकूण प्रमाण कमीजास्त असले, तरी त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ स्थिर असते, असे त्यांस आढळले. ‘चॅलेंजर’ या जहाजाच्या सफरीत (१८७२–७६) गोळा केलेल्या नमुन्यांचे विश्लेषण करून व्हिल्हेल्म डिटमार यांनी १८८४ मध्ये या नियमास भक्कम आधार दिला. दरम्यान रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये वनस्पती, गोगलगाय व मासे यांचा समतोल साधून बंद भांड्यातील पाणी शुद्ध राहते, हे दाखविले होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक जलजीवालय उघडले. आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील पुस्तकामुळे खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचे वेड इंग्लंडभर पसरले. समुद्रापासून दूर असलेल्या लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे डब्ल्यू. ए. लॉइड यांनी १८७१ मध्ये केलेली योजना आजही अनुकरणीय आहे. प्रदर्शनातील टाक्यांच्या कित्येक पट पाणी त्यांनी तळघरातील अंधाऱ्या हौदात साठविले व ते सतत फिरते ठेवले. पाण्याचा साठा मोठा असला, की त्यातील रासायनिक बदल सावकाश होतात, हे तत्त्व त्यात होते. प्रवाळ मात्र या टाक्यांत फार काळ जगत नसत.

भारतातील पहिले सागरी जलजीवालय मद्रास येथे १९०९ मध्ये सुरू झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्थानकासमोर, तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ मध्ये झाले. त्यास सु. ८ लाख रु. खर्च आला व त्यांपैकी २ लाख रु. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले. समुद्रातील जिवंत मासा काचेमागे पाहण्याचा मुंबईकरांच्या अनेक पिढ्यांचा पहिला अनुभव याच वास्तूतील होय. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले. त्या वेळी सु. ३·६ मी. लांबीचा पारदर्शक बोगदा हे तेथील मुख्य आकर्षण होते. महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, ते प्रेक्षकांसाठी बंद झाले.

समुद्र असा दारात असताना त्याचेच पाणी का वापरू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बॅक बे किंवा दादर–माहीम किनाऱ्यावरील पाण्यात भरतीओहोटीमुळे ढवळलेला गाळ असतो व शहराचे सांडपाणीही मिसळते. पावसाळ्यात किनाऱ्यालगतची लवणता घटते. असे पाणी अंधारात साठवून निवळू दिले व वाळूतून गाळले, तर कणखर माशांना ते चालते. प्रवाळांना चालत नाही. खुल्या समुद्राचे सतत वाहते पाणी मिळाल्यास काय साधते, हे न्यू कॅलिडोनियातील नूमेआ येथे रने काताला यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेल्या जलजीवालयाने दाखविले. तेथे जिवंत प्रवाळ दीर्घकाळ टिकले. मुंबईच्या किनाऱ्यास ती सोय नाही.

दुसरा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे वडाळा किंवा भांडुप येथील मिठागरांचे मीठ नळाच्या पाण्यात घालणे. तो सर्वथा चुकीचा आहे. मिठागरात समुद्राचे पाणी आटू लागले, की प्रथम कॅल्शियम कार्बोनेट व मग जिप्सम खाली बसते, त्यानंतर मीठ स्फटिकरूपाने जमते आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची बहुतेक लवणे उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. मिठागरातील चांगले मीठ म्हणजे समुद्रातून नेमके प्रवाळास लागणारे घटक वगळून उरलेला भाग होय. म्हणून १९६० नंतर पाश्चात्त्य देशांत तयार लवणमिश्रणे विक्रीस आली, तेव्हाच हा छंद किनाऱ्याच्या बंधनातून मुक्त झाला. मुंबईचे नळाचे पाणी या कामी बरेच अनुकूल आहे. तानसा, वैतरणा, भातसा इ. जलाशयांची पाणलोट क्षेत्रे बेसाल्ट खडकाची असल्याने ते मृदू असते. त्यातील क्लोरीन मात्र सोडियम थायोसल्फेटाने किंवा कार्बनाच्या गाळणीने काढून टाकावे लागते.

प्रत्यक्ष रसायनाकडे वळता, १ किग्रॅ. समुद्रजलात सु. ३५ ग्रॅ. लवणे असतात. त्यांतील सोडियम व क्लोराइड यांचाच वाटा मोठा असला, तरी प्रवाळपालकाचे लक्ष तीन अल्प घटकांवर असते : कॅल्शियम (प्रति लिटर सु. ४२० मिग्रॅ.), मॅग्नेशियम (सु. १,३०० मिग्रॅ.) आणि क्षारता. क्षारता म्हणजे अम्ल उदासीन करण्याची पाण्याची क्षमता. बोलण्यात ‘क्षार’ म्हणजे पाण्यातील कोणतेही लवण असा अर्थ रूढ आहे, तो येथे अभिप्रेत नाही. समुद्रजलात ही क्षमता मुख्यतः बायकार्बोनेटामुळे असते व ती प्रति लिटर सु. २·३ मिलिसममूल्य, म्हणजे छंदिष्टांच्या परिभाषेत सु. ६·५ जर्मन अंश भरते. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम व बायकार्बोनेट यांपासून कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात बांधतात. गुलाबी चुनेरी शैवले व शिंपले यांचीही रीत तीच.

नवशिका फसतो तो येथेच. समजा, प्रवाळांनी काही दिवसांत प्रति लिटर २० मिग्रॅ. कॅल्शियम वापरले. मूळच्या ४२० मिग्रॅ.मध्ये ही घट ५ टक्क्यांहूनही कमी आहे आणि घरगुती चाचणीत ती सहज निसटते. परंतु त्याच वेळी क्षारता १ मिलिसममूल्याने, म्हणजे २·३ वरून १·३ वर येते. ही घट ४० टक्क्यांहून अधिक आहे. प्रवाळांची वाढ खुंटते, रंग उतरतो, आणि पालक कॅल्शियमची चाचणी समाधानकारक आल्याचे पाहून दोष दिव्यांना किंवा खाद्याला देतो. अनेक वर्षे कॅल्शियमलाच प्राधान्य देणारी मार्गदर्शके छापली गेली, हे या विषयाच्या इतिहासातील एक दुर्दैव म्हटले पाहिजे. आठवड्यातून एकच चाचणी करणे शक्य असेल, तर ती क्षारतेची करावी.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम लवणता मोजावी, कारण ती चुकलेली असल्यास इतर सर्व आकडे त्याच प्रमाणात चुकतात. नंतर मॅग्नेशियम पाहावे. ते कॅल्शियम कार्बोनेटाच्या स्फटिकांची वाढ रोखून धरते; ते कमी पडले, तर घातलेले कॅल्शियम व बायकार्बोनेट साक्याच्या रूपाने पंपावर व काचेवर बसतात आणि कितीही भर घातली, तरी आकडे वर येत नाहीत. त्यानंतर क्षारता व कॅल्शियम यांची भर घालावी. १०० लि. पाण्याची क्षारता १ मिलिसममूल्याने वाढविण्यास सु. ८·४ ग्रॅ. सोडियम बायकार्बोनेट (खाण्याचा सोडा) लागते. तितक्याच पाण्यात २० मिग्रॅ. प्रति लिटर कॅल्शियम वाढविण्यास सु. ७·३ ग्रॅ. जलयुक्त कॅल्शियम क्लोराइड पुरते. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून निरनिराळ्या वेळी घालावीत, नाही तर टाकीतच चुन्याचा पांढरा साका तयार होतो. क्षारता एका दिवसात अर्ध्या मिलिसममूल्याहून अधिक वाढवू नये. कमी क्षारतेत प्रवाळ कित्येक आठवडे तग धरतात. एका रात्रीत केलेल्या दुरुस्तीने मात्र त्यांच्या ऊती गळून सांगाडा उघडा पडू शकतो.

कॅल्शियम व क्षारता ही दोन्ही योग्य प्रमाणात एकदम पुरविणारे द्रव्य महाराष्ट्रातील घराघरांत पूर्वीपासून परिचित आहे. ते म्हणजे चुन्याची निवळी. मुलांची हाडे बळकट व्हावीत म्हणून घरोघरी दिली जाणारी ही निवळी आणि यूरोपातील प्रवाळपालकांचे ‘काल्कव्हासर’ (शब्दशः चुन्याचे पाणी) ही रासायनिक दृष्ट्या एकच आहेत. पेटर व्हिल्केन्स यांनी १९७३ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे तिचा सागरी टाक्यांतील वापर रूढ झाला. त्यापूर्वी, १९६१ मध्ये, जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यांवर प्रवाळ जगविल्याचे वृत्त प्रसिद्ध केले होते. पाणी खर्ची पडलेल्या चुन्याची भरपाई कशी करावयाची, हा त्यात उरलेला प्रश्न व्हिल्केन्स यांनी सोडविला. चुना पाण्यात कालवून ठेवला, की वर येणारे स्वच्छ पाणीच घ्यावयाचे असते. उघडी राहिल्यास निवळी हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषते व तीवर कॅल्शियम कार्बोनेटाची साय धरते. मग तिचा उपयोग राहत नाही. निवळीचे पीएच मूल्य १२ च्या वर असल्याने ती थेंबाथेंबाने व शक्यतो रात्री सोडतात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबून टाकीचे पीएच मूल्य उतरलेले असते. बाजारातील पानाचा चुना मात्र यासाठी वापरू नये. त्याच्या शुद्धतेची खात्री नसते.

बाष्पीभवनाने उडून गेलेल्या पाण्याची जागा निवळीने भरणे, ही सर्वमान्य पद्धत आहे. लवणे वाफेबरोबर जात नाहीत, म्हणून ही भर गोड्या पाण्याचीच हवी. येथे मुंबईच्या हवामानाची अडचण येते. जून ते सप्टेंबरमध्ये हवा इतकी दमट असते, की टाकीतील पाणी फारसे उडत नाही. परिणामी निवळीही कमी घालता येते आणि ऐन वाढीच्या टाकीत क्षारता घसरते. बाष्पीभवनाने होणारा गारवाही त्या दिवसांत मिळत नाही. शिवाय चुना गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतो, म्हणून निवळी थोडी सौम्यच होते. लालबाग–परळच्या चाळींतील किंवा नव्या इमारतींतील लहान खोलीत खिडक्या बंद करून पाचसहा माणसे झोपली, तर त्यांच्या श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात उतरतो आणि पीएच मूल्य ८ च्या खाली जाते. त्यावर रसायनाचा उपाय करणे व्यर्थ असते; खिडकी उघडणे पुरते.

अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांची साखळी सर्व जलजीवालयांना सामाईक असल्याने तिचा विस्तार येथे केलेला नाही (→ जलजीवालय). खाऱ्या पाण्याचे पीएच मूल्य अधिक असल्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा तेथे अधिक विषारी ठरतो आणि फॉस्फेट वाढल्यास सांगाडा बांधण्याच्या क्रियेत अडथळा येतो, एवढे लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

या छंदास कायद्याची मर्यादा आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश झाला. भारतीय समुद्रांतून असे प्रवाळ काढणे, विकणे वा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात प्रवाळ आढळणारी प्रसिद्ध क्षेत्रे म्हणजे १९८७ मध्ये अभयारण्य घोषित झालेले मालवण आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस भर समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक हा उथळ प्रदेश होय.

मुंबईच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत, हे बहुतेक नागरिकांना किनारी रस्त्याच्या कामामुळे कळले. वरळी व हाजी अली येथील खडकांवर आढळलेल्या १८ वसाहती नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली काढून अन्यत्र बसविण्यात आल्या. या जाती लहान असून भित्ती बांधत नाहीत. गाळाने गढूळ झालेल्या, पावसाळ्यात अळणी होणाऱ्या आणि सांडपाणी मिसळलेल्या ज्या पाण्यात त्या वाढतात, ते पाणी कोणताही प्रवाळपालक आपल्या टाकीत घेणार नाही.