परक्या पेठेचा परवाना : कौलापासून शॉप अ‍ॅक्टपर्यंत

व्यापारी कुळांचा इतिहास हा बहुतांशी स्थलांतराचा इतिहास असतो. आपल्या नगरचा कापड बाजार, मोची गल्ली, आडते बाजार वा दाळमंडई या भागांतून सहज फेरफटका मारला, तरी मारवाड, गुजरात अशा दूरच्या प्रांतांतून आलेल्या घराण्यांच्या पेढ्या जागोजाग दिसतात. पूर्वजांचे कष्ट, त्यांची काटकसर व दानशीलता यांचे वर्णन स्मरणिकांतून नेहमी येते आणि ते यथार्थच आहे. तथापि एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. या परक्या मुलखात दुकान मांडण्याची अनुज्ञा त्यांना कोणी दिली? आणि त्या अनुज्ञेच्या मोबदल्यात त्यांच्याकडून कशाची अपेक्षा होती?

मराठेशाहीत या प्रश्नाचे उत्तर ‘कौल’ या एका शब्दात मिळे. नवी पेठ वसवायची झाल्यास राज्यकर्ते बाहेरगावच्या उदमी लोकांना कौल देत. कौल म्हणजे अभयाचे लेखी वचन. पेठेत येऊन घर-दुकान बांधावे, अमुक वर्षे करांत व जकातीत सूट मिळेल, कोणाचा उपद्रव होणार नाही, असा त्याचा आशय असे. पेठेचे शेटे व महाजन हे वतनदार असत. नव्या व्यापाऱ्यास बोलावणे, त्यास जागा नेमून देणे आणि पेठेची व्यवस्था पाहणे ही कामे त्यांच्याकडे असत. म्हणजे परवान्याला दोन बाजू होत्या. एक सरकारच्या शब्दाची, दुसरी गावातील जाणत्या माणसांच्या साक्षीची. याच जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या आणि २०२४ पासून ज्यांचे नाव आपल्या शहरास व जिल्ह्यास लाभले आहे, त्या अहिल्यादेवी होळकरांनी नर्मदातीरी महेश्वर येथे बाहेरून विणकर आणून वसविले. महेश्वरी साडी ही त्या राजाश्रयाचीच निर्मिती होय. परक्या कारागिरास अभय दिले म्हणजे त्या गावाचे नाव कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण कापडाच्या व्यापाऱ्यास दुसरे सापडणार नाही.

नगरचा किल्ला १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने जिंकला आणि पेशवाईच्या अखेरीस १८१८ च्या सुमारास हा प्रदेश इंग्रजी अंमलाखाली स्थिरावला. नव्या राज्यात पेठेच्या कौलाचे महत्त्व उरले नाही. जोधपूर संस्थानच्या प्रजाजनांना नगर हा अक्षरशः परमुलूख होता. परंतु येथे दुकान थाटण्यासाठी त्यांना कोणाच्या दारी जावे लागत नसे. नवागत बहुधा आप्ताच्या पेढीवर गुमास्ता म्हणून राही, रोजमेळ व खतावणी शिके, भाषा आत्मसात करी आणि काही वर्षांनी थोड्या भांडवलावर स्वतःचे दुकान मांडी. किराणा, कापड आणि सावकारी ही तिन्ही कामे खेड्यात बहुधा एकाच ओट्यावर चालत. त्याच्या पाठीशी आता गावचे शेटे-महाजन नव्हते, तर दिवाणी न्यायालय होते. कर्जरोखा सादर केला की हुकूमनामा मिळे आणि त्या हुकूमनाम्याने कुणब्याची जमीन जप्त होऊ शके.

या व्यवस्थेत परवान्याची एक बाजू, म्हणजे गावाची संमती, हळूहळू नाहीशी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वधारलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, त्याच सुमारास फेरपाहणीने शेतसारा वाढला आणि शेतकरी कर्जात अधिकच रुतला. शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या अखेरीस मारवाडी सावकारांवर बहिष्कार पडला. दुकान उघडे होते, कायदा अनुकूल होता. पण गाव दुकानाची पायरी चढेना, न्हावी व पाणक्या दारी येईना. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि त्याचे लोण आपल्या पारनेर, श्रीगोंदा, नगर व कर्जत या तालुक्यांत पोचले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जमावाचा मुख्य रोख रोख्यांवर होता. कागद हवाली केले की बहुधा तो माघारी फिरे. जाळावयाचा होता तो कागद.

हे प्रकरण आपणांस सुखद नाही. त्यात सर्वच सावकार सारखे होते असे मुळीच नाही आणि सरकारी साऱ्याचा वाटाही मोठा होता. परंतु पूर्वजांचा इतिहास लिहिताना मंदिर-स्थानकांच्या देणग्यांचे पान ठेवावे आणि हे पान गाळावे, हे जमाखर्चाच्या शिस्तीत बसत नाही. जमेची बाजू खरी ठरावयाची तर नावेची बाजूही लिहिली पाहिजे.

दंग्यांनंतर जे कायदे आले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्याची नोंदणी, पैसे पोचल्याची पावती आणि हिशोबाची तपासणी यांवर भर दिला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्याआधी १८७८ मध्ये दुष्काळ-निधीसाठी व्यापाऱ्यांवर लायसन्स-कर बसला होता. त्याविरुद्ध सुरतेस दंगल उसळली. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकारीला परवाना आवश्यक झाला. गावाच्या संमतीची जी बाजू गळून पडली होती, ती कायद्याने अटींच्या रूपाने परत आणली, असे म्हणता येईल.

कापडाच्या धंद्याला खरा परवाना-काळ भेटला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४३ च्या कापड व सूत नियंत्रण हुकुमाने कापडाचे कमाल भाव ठरले, गिरणीच्या मालावर किंमत छापली जाऊ लागली आणि विक्रेत्यास परवाना घ्यावा लागला. १९४८ मध्ये मुंबई दुकाने व संस्था अधिनियम आला. ‘शॉप अ‍ॅक्ट’ या नावाने तो घरोघर ठाऊक आहे. आमच्या पिढीने त्याचे प्रमाणपत्र चौकटीत घालून गादीच्या वर टांगले. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानास नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे झाले आणि त्याच वर्षी १ जुलैपासून जीएसटी लागू झाला. आता ही कामे घरबसल्या संगणकावर होतात.

आज समाजातील तरुण दुबईसारख्या शहरांकडे पाहतात, तेव्हा तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. तेथे मुक्त व्यापारक्षेत्राबाहेर कंपनी काढणाऱ्या परदेशीयास दीर्घकाळ ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाच्या नावे ठेवावा लागे. तेथील शेटे-महाजनच तो! २०२१ पासून बहुसंख्य व्यवसायांत ही अट उठली. म्हणजे तेथेही स्थानिकाची साक्ष आता कागदावरून गेली आहे. तिची गरज मात्र संपली, असे समजण्याचे कारण नाही.

परवाना सरकार देते, पण दुकान गावाच्या भरवशावर चालते, हे १८७५ ने आपल्या पूर्वजांना शिकविले. ज्या घराण्यांनी पुढे मापात चोख राहून, दुष्काळात उधारी सांभाळून, गावच्या शाळा-पाणपोयांत वाटा उचलून हा भरवसा पुन्हा मिळविला, त्यांच्याच पेढ्या आज उभ्या आहेत. जुन्या बासनांतील कौल, रोखे, परवाने व पावत्या ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता जपून ठेवावेत. आपण येथे कसे आलो आणि येथले कसे झालो, याची खरी साक्ष तीच आहे.