घाटाच्या पायथ्याचा खोळंबा

वाट पाहणें हा प्रवासाचाच एक भाग आहे, ही गोष्ट आपण शहरवासी लोक फार लवकर विसरतों. कर्जत-खालापूरच्या माणसाला मात्र ती विसरतां येत नाहीं, कारण बोरघाट त्याच्या दाराशींच उभा आहे. मुंबईहून पुण्यास जाणारें प्रत्येक नवें वाहन या घाटाच्या पायथ्याशीं येऊन थबकलें आहे. बैल थबकला, आगगाडी थबकली, आणि आतां विजेवर चालणारी मोटारही थबकते आहे. द्रुतगतिमार्गावर अशा मोटारींची बॅटरी झटपट भरून देणारीं चार्जर-यंत्रें बसूं लागलीं आहेत, आणि जोडसुट्टीच्या दिवशीं त्यांच्यापुढें ताटकळावें लागतें. मुंबई-पुण्याच्या वसाहतींत तर आपल्या इमारतीच्या गाडीतळांत असें यंत्र केव्हां येणार, याची वाट पाहणारीं कुटुंबें कितीतरी आहेत. हा खोळंबा दिसावयास नवा. पण त्याचें कूळ जुनें आहे. तेंच आज थोडें तपासून पाहूं.

पूर्वीं घाटमाथ्यावरचा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून कोंकणांत उतरे, आणि मीठ व इतर जिन्नस उलट दिशेनें वर चढत. चढणीपूर्वीं जनावराला पाणी आणि माणसाला विसावा मिळणें अगत्याचें असे. पेशवाईच्या उत्तरकाळांत नाना फडणविसांनीं खोपोलीस मोठें तळें व महादेवाचें देऊळ बांधलें, त्याचें महत्त्व येथें आहे. चढण कांहीं त्या तळ्यानें कमी झाली नाहीं; परंतु चढणीपूर्वींचें थांबणें सुसह्य झालें. बैलाची शक्ति जेथें भरून निघते, तें त्या काळचें शक्तिकेंद्रच म्हणावयाचें. पुढें १८३० सालीं, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतां, घाटांतून गाडीरस्ता खुला झाला आणि बैलाच्या पाठीवरचें ओझें चाकांवर आलें.

मग आगगाडी आली. १८५३ सालीं ती मुंबईहून ठाण्यास पोंचली, आणि १८५६ सालीं खोपोलीस. १८५८ मध्यें घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ सुरू झाले. दोहों बाजूंनीं रेल्वे आली, पण मधला घाट तसाच राहिला! उतारूंनीं खोपोलीस उतरावें, पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून घाट चढावा, आणि खंडाळ्यास पुन्हां आगगाडी गांठावी, असा क्रम पांच वर्षें चालला. नवें वाहन आलें म्हणजे जुनें लगेच निकालांत निघतें असें आपण समजतों. येथें तर नव्या वाहनाला जुन्याच्याच खांद्यावर बसून पलीकडे जावें लागलें.

घाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं पुरा झाला. सुमारें पंधरा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांमागें एक फूट असा चढ. काम ऐन भरांत असतां चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथें राबत होते, आणि पटकीच्या सांथीनें त्यांच्यांत वारंवार हाहाकार उडे. आराखड्याचे कर्ते मुख्य अभियंते जेम्स बर्कली हे काम पुरें होण्यापूर्वींच १८६२ त वारले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें येथें आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले, आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनीं कंत्राट पुढें चालवून तडीस नेलें. आपण तासाभरांत घाट चढून जातों, तो या सर्वांच्या आयुष्याच्या किंमतीवर, हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

या मार्गानें खोळंबा नाहींसा झाला काय? नाहीं, त्यानें फक्त गांव बदललें. खोपोली हें एका फांट्याचें टोंक होऊन बसलें, आणि थांबण्याचा मान कर्जतला मिळाला. एकटें इंजिन हा चढ ओढूं शकेना, म्हणून गाडीच्या मागें ढकलण्याकरितां जादा इंजिनें जोडावीं लागत. तीं जोडलीं जात असतां उतारू फलाटावर उतरत. त्या कांहीं मिनिटांच्या आधारावरच दिवाडकरांचा बटाटेवडा महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाला. १९२९ सालीं पुण्यापर्यंत विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं. कोळसा गेला, धूर गेला. पण जादा इंजिन जोडण्याची रीति राहिली. २०२३ पासून मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत’ गाडी मात्र मागच्या इंजिनाच्या मदतीवांचून घाट चढते, कारण तिची ओढण्याची शक्ति एका इंजिनांत सांठलेली नसून अनेक डब्यांखालीं विभागलेली आहे. एका जागच्या थांबण्याला निरोप द्यावयास येथें दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला!

आतां विजेकडे वळूं. कारण विजेच्या मोटारीची गोष्ट खरोखर याच डोंगरांत सुरू होते. घाटमाथ्यावरचें पावसाचें पाणी अडवून तें खालीं सोडावें व त्याच्या बळावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्या, ही योजना जमशेटजी टाटांनीं मनांत धरली होती. ते १९०४ मध्यें निवर्तले. १९११ सालीं लोणावळ्याकडे धरणाच्या कामाची कोनशिला बसली, आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजगृह सुरू झालें. १९२२ मध्यें कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें वीजगृह त्याच्या जोडीस आलें. तारा मुंबईकडे गेल्या. परंतु त्याच तारांखालून कंदील घेऊन जाणारीं आमचीं गांवें व वाड्या पुढें कितीतरी वर्षें अंधारांतच होत्या. १९६० सालीं राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यावर खेड्यापाड्यांत वीज नेण्याच्या कामास खरा वेग आला. डोंगर आमचा, पाऊस आमचा, आणि रांगेंत शेवटचा क्रमांकही आमचाच! पलीकडे मुळशीच्या मावळ्यांना तर घरेंदारेंच पाण्याखालीं द्यावीं लागलीं. १९२१ सालीं सुरू झालेला आणि सेनापति बापटांनीं गाजविलेला मुळशी सत्याग्रह त्याचीच साक्ष देतो.

थोडा हिशेब मांडूं; शाळामास्तराला त्याचा मोह आवरत नाहीं. दीड टन वजनाची मोटार घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, म्हणजे सुमारें ५६० मीटर, उचलण्यास केवळ उंचीपोटीं सव्वादोन युनिट वीज खर्चीं पडते. माथ्यावरचें पाणी खोपोलीस पांचशें मीटरांहून अधिक खालीं कोसळतें. गळती-घर्षण धरून एका युनिटास सुमारें आठशें लिटर पाणी लागतें. तेव्हां एक मोटार वर चढावयास जवळजवळ दोन टन पाणी त्याच डोंगरावरून खालीं यावें लागतें. शिवाय उतारावर मोटारीचें यंत्र उलट जनित्राचें काम करून थोडी वीज बॅटरींत परत घालतें. निसर्गाचा जमाखर्च चोख असतो.

रांगेचाही असाच हिशेब आहे. पेट्रोल भरण्यास पांच मिनिटें धरलीं, तर एका नळीवर तासाला बारा गाड्या भरतात. पन्नास किलोवॅटच्या शीघ्र चार्जरवर पंचवीस युनिट भरावयास अर्धा तास लागतो. म्हणजे तासाला दोनच गाड्या. चार गाड्या पुढें असल्या, तर पांचव्यानें दोन तास बसावें. घरच्या गाडीतळांत तीन किलोवॅटचें साधें यंत्र असेल, तर हीच भरणी आठ तासांत, मालक झोपलेला असतां, होऊन जाते. एका भरणींत मुंबईहून पुणें गांठणें आजच्या मोटारींस कठीण नाहीं. अडचण पडते ती त्याच दिवशीं परतणारांची, किंवा पुढें सातारा-कोल्हापुराकडे जाणारांची. म्हणून रस्त्यावरची रांग कमी करण्याचा एक उपाय शहरांतील इमारतींच्या गाडीतळांत आहे, ही गोष्ट तेथील कार्यकारी मंडळांनीं मनावर घेण्यासारखी आहे.

सरकारही स्वस्थ नाहीं. २०२३ पासून ठाणें-पुणें मार्गावर विजेची शिवनेरी धांवूं लागली. २०२५ च्या राज्य धोरणांत द्रुतगतिमार्गावर विजेच्या मोटारींस पथकर माफ करण्याचें ठरलें, आणि महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंग केंद्र असावें असेंही म्हटलें आहे. खोपोलीचें वीजगृह चालविणारी टाटांची कंपनी आज रस्तोरस्तीं चार्जर बसवीत आहे. घाटाखालची वीज घाटाखालच्याच प्रवाशाला मिळूं लागावी, हा योग शंभर वर्षांनीं आला आहे.

या सर्व इतिहासाचें सार मला असें दिसतें. खोळंबा वाहनामुळें होतो. पण तो दूर होतो किंवा सुसह्य होतो, तो थांबण्याच्या जागेची कोणी आगाऊ काळजी घेतली तर. नानांचें तळें कोणत्याही बैलाला मज्जाव करीत नव्हतें. तसेंच नवें केंद्रही कोणत्याही कारखान्याच्या मोटारीला चालावें. तेथें सावली, पाणी, दिवा व बसावयास जागा असावी. यंत्र बंद असेल तर तें प्रवाशास आधींच कळावें. आणि मुख्य म्हणजे चार यंत्रें द्रुतगतिमार्गावर बसलीं, तर एक तरी कर्जतच्या स्टेशनाबाहेर किंवा खोपोलीच्या बाजारांत बसावें, जेथें आमच्या तालुक्याचा रिक्षावाला आपली गाडी भरून घेऊं शकेल. पहिल्या वेळीं तारा आमच्या डोक्यावरून निघून गेल्या. या वेळीं त्यांतील एक तार आमच्या दारांतही उतरावी, एवढीच या डोंगराच्या पायथ्याच्या लोकांची मागणी आहे, आणि ती फार मोठी आहे असें मला वाटत नाहीं.