घरगुती चित्रफीत संपादन: फाइल स्वरूप व कोडेकची निवड

घरगुती चित्रफीत संपादनात फाइल स्वरूप व कोडेकची निवड म्हणजे मोबाइल, कॅमकॉर्डर किंवा जुन्या कॅसेटीवरून संगणकावर आलेले चित्रण कोणत्या रूपात संपादित करावे, कोणत्या रूपात इतरांना द्यावे आणि कोणत्या रूपात जपून ठेवावे, याविषयीचा निर्णय होय. या कामांच्या गरजा परस्परविरोधी असतात. कॅमेऱ्याला फाइल लहान हवी असते, संपादन करणाऱ्या संगणकाला ती उलगडण्यास सोपी हवी असते, तर जतनासाठी चित्रातील कमीत कमी तपशील गळणे महत्त्वाचे ठरते. त्यामुळे सर्व टप्प्यांवर उत्तम ठरेल असे एकच स्वरूप अस्तित्वात नाही.

कंटेनर आणि कोडेक

फाइलच्या नावाअखेरीस दिसणारी एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही ही अक्षरे कंटेनर दर्शवतात. कंटेनर हा एक प्रकारचा डबा असून त्यात चित्र, ध्वनी, उपशीर्षके आणि त्यांचा मेळ घालणारी वेळेची माहिती एकत्र ठेवलेली असते. आतील चित्राचे आकुंचन कोणत्या पद्धतीने केले आहे, हे कोडेकवरून ठरते. एकाच एमपी४ कंटेनरमध्ये एच.२६४, एचईव्हीसी किंवा एव्ही१ यांपैकी कोणताही कोडेक असू शकतो. म्हणूनच दोन एमपी४ फाइलींपैकी एक सहज चालते आणि दुसरी उघडतच नाही, असे घडते. फाइलच्या आत नेमके काय आहे, हे मीडियाइन्फोसारख्या मोफत प्रणालीत पाहता येते.

ॲपलचे क्विकटाइम १९९१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टचे एव्हीआय १९९२ मध्ये आले. एमपी४ची रचना क्विकटाइमच्या फाइल रचनेवरच आधारलेली असल्याने एमओव्ही व एमपी४ हे जवळचे नातेवाईक आहेत. चित्राला हात न लावता केवळ कंटेनर बदलणे एफएफएमपेग या मुक्त प्रणालीने शक्य असते. हे काम झटपट होते आणि त्यात गुणवत्ता घटत नाही. फाइलचे नाव बदलून एमओव्हीऐवजी एमपी४ लिहिल्याने मात्र आत काहीही बदलत नाही.

एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा चित्रण संपताना लिहिली जाते. मध्येच बॅटरी संपल्यास तासाभराचे चित्रण असूनही फाइल उघडत नाही, याचे कारण हेच. एमकेव्हीमध्ये तोवरचा भाग बहुधा वाचतो, म्हणून संगणकाचा पडदा ध्वनिमुद्रणासह टिपताना ते स्वरूप पसंत केले जाते.

आकुंचनाच्या दोन पद्धती

१९२० × १०८० बिंदूंचे, २४ बिट रंगाचे आणि सेकंदाला २५ फ्रेमचे चित्रण आकुंचनाविना साठवल्यास सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ५६० गिगाबाइट जागा लागते. आकुंचन त्यामुळे अपरिहार्य ठरते.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे, एखाद्या छायाचित्रासारखी आकुंचित केली जाते. १९९५ मधील डीव्ही हे स्वरूप याच प्रकारचे होते. त्याचा बिटरेट सेकंदाला २५ मेगाबिट असून तासाभराच्या चित्रणाला सुमारे १३ गिगाबाइट लागत. दुसऱ्या पद्धतीत ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम ठेवून मधल्या फ्रेममध्ये केवळ झालेला बदल नोंदवला जातो. काही फ्रेम तर पुढे येणाऱ्या फ्रेमवरही अवलंबून असतात. एचडीव्ही (२००३), एव्हीसीएचडी (२००६) आणि आजच्या बहुतेक मोबाइलमधील चित्रण या दुसऱ्या प्रकारात मोडते.

अशी फाइल सलग पाहताना अडचण येत नाही. संपादक मात्र सतत मागेपुढे उड्या मारतो. मधली एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला आधीच्या पूर्ण फ्रेमपासून गणित सुरू करावे लागते आणि टाइमलाइन अडखळते. लहान फाइल हलकी असणार, हा समज त्यामुळे येथे उलटा पडतो.

प्रमुख कोडेक

एच.२६४ हा २००३ मध्ये प्रमाणित झालेला कोडेक जवळपास प्रत्येक उपकरणावर चालतो. एचईव्हीसी अर्थात एच.२६५ (२०१३) तेवढ्याच गुणवत्तेसाठी साधारण निम्मा बिटरेट वापरतो, परंतु तो उलगडणे अधिक कष्टाचे असते. २०१७ पासून आयफोनमध्ये तो वापरात आला. एव्ही१ (२०१८) स्वामित्व शुल्काविना वापरता यावा म्हणून विकसित केला गेला. तो प्रसारणासाठी उपयुक्त आहे, संपादनासाठी फारसा सोयीचा नाही. एव्हिडचा डीएनएक्सएचडी (२००४) आणि ॲपलचा प्रोरेस (२००७) हे खास संपादनासाठी बनवलेले असून त्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते.

संपादनासाठी निवड

प्रथम मूळ फाइलच थेट संपादन प्रणालीत घेऊन पाहणे श्रेयस्कर असते. अनेक ग्राफिक्स चिपमध्ये ८ बिट, ४:२:० रंगमांडणीचे एच.२६४ उलगडण्याची यंत्रणा असल्याने साध्या कामात रूपांतराची गरजच पडत नाही. टाइमलाइन अडखळू लागल्यास दोन मार्ग उरतात. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडीमध्ये रूपांतर केल्यास काम सुरळीत होते, परंतु १०८० रेषांच्या व २५ फ्रेमच्या प्रोरेस ४२२ चित्रणाला तासाला सुमारे ५५ गिगाबाइट लागतात. दुसरा मार्ग प्रॉक्सीचा. यात मूळ फाइलींच्या लहान, हलक्या प्रतींवर काम केले जाते आणि अंतिम फाइल तयार करताना प्रणाली मूळ फाइलींकडे वळते. केडेनलाइव्ह, शॉटकट आणि डाविंची रिझॉल्व्ह यांत ही सोय आहे. घरगुती कामात हाच मार्ग बहुधा शहाणपणाचा ठरतो.

प्रोरेसमध्ये रूपांतर केल्याने चित्र सुधारते, हा गैरसमज व्यापक आहे. कॅमेऱ्याने गाळलेला तपशील रूपांतराने परत येत नाही, फक्त फाइल मोठी होते.

मोबाइलच्या चित्रणात फ्रेमचा वेगही सर्वत्र सारखा नसतो. उजेड कमी झाला की तो घटतो आणि संपादनात ओठांच्या हालचाली व आवाज यांचा मेळ हळूहळू सुटत जातो. हँडब्रेकसारख्या प्रणालीने आधी वेग स्थिर करून घेतल्यास हा दोष टळतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात ३० फ्रेमचे चित्रण लुकलुकू शकते. २५ किंवा ५० फ्रेम आणि त्याला जुळणारा शटर वेग निवडल्यास ते थांबते.

जुन्या कॅसेटी आणि डीव्हीडी

महाराष्ट्रातील अनेक घरांत लग्नमुंजींचे चित्रण व्हीएचएस, मिनीडीव्ही किंवा डीव्हीडीवर पडून आहे. चुंबकीय फीत काळानुसार खराब होते आणि ती चालवणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत, त्यामुळे येथील चुकीची निवड पुन्हा दुरुस्त करता येईलच असे नाही.

मिनीडीव्हीवरील माहिती मुळातच डिजिटल असते. फायरवायर केबलने ती जशीच्या तशी संगणकावर उतरवता येते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलने व स्वस्त कॅप्चर यंत्राने उतरवल्यास तिचे ॲनालॉग व पुन्हा डिजिटल असे दुहेरी रूपांतर होऊन तपशील गळतो. डीव्हीडीतील व्हीओबी फाइलींमध्ये एमपेग-२ चित्र असते. संरक्षण नसलेल्या घरगुती डीव्हीडीतून ते पुन्हा आकुंचित न करता एमकेव्हीमध्ये घेता येते. व्हीएचएस मात्र ॲनालॉग असल्याने ती उतरवताना तपशील न गाळणारा एफएफव्ही१ हा कोडेक योग्य ठरतो. अभिलेखागारांतही तो वापरला जातो.

भारतात प्रचलित पाल पद्धतीच्या चित्राचा आकार ७२० × ५७६ असून ते सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनी बनते. त्यांतील एकात विषम रेषा असतात, तर पुढच्यात सम. ही विणकाम उलगडण्याची क्रिया न करता चित्राचा आकार बदलला, तर हालचालींभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेषा कायमच्या उमटतात. प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक याप्रमाणे ५० फ्रेम केल्यास मूळ हालचालीची सफाई टिकते. या चित्रातील बिंदू चौरसही नसतात. ४:३ चित्र चौरस बिंदूंच्या पडद्यावर ७६८ × ५७६ असे दाखवावे लागते, अन्यथा माणसे किंचित बारीक दिसतात.

अंतिम फाइल आणि मूळ प्रत

नातेवाइकांना देण्यासाठी एमपी४ कंटेनर, एच.२६४ चित्र व एएसी ध्वनी हा संच आजही सर्वाधिक खात्रीचा आहे. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये सीआरएफ मूल्य २३ हे मूलनिर्धारित असून १८च्या आसपास मूळ चित्राशी फरक सहसा जाणवत नाही. यूट्यूब १०८० रेषांच्या, ३० फ्रेमपर्यंतच्या चित्रणासाठी सेकंदाला ८ मेगाबिट सुचवते आणि चढवलेली प्रत्येक फाइल स्वतः पुन्हा आकुंचित करते. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटवर ही अडचण येत नाही.

आकुंचित फाइल पुन्हा आकुंचित केली की दर खेपेला थोडा तपशील जातो. व्हॉट्सॲपवरून चित्रफीत म्हणून पाठवलेली प्रत त्यामुळे मूळ मानता येत नाही. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास बदलत नाही. संपादन प्रणालीची प्रकल्प फाइलही मूळ चित्रणाची जागा घेऊ शकत नाही, कारण तिच्यात चित्र नसून केवळ मूळ फाइलींचे पत्ते आणि कापणी-जोडणीच्या सूचना असतात. मूळ फाइली हलवल्या तर प्रकल्प त्यांचा नवा पत्ता विचारतो, आणि त्या पुसल्या गेल्या असतील तर टाइमलाइनवर चित्र दिसत नाही.