डॉक्टर कोलमडला, तर त्याला फोन कोणी करायचा?

१२ जुलै २०२३ रोजी सप्तशृंगी गडाच्या घाटात एसटी बस दरीत कोसळली. जखमींना जवळच्या वणीतल्या ग्रामीण रुग्णालयात आणण्यात आलं. अशा दिवशी बातमी जखमींची होते, आणि व्हायलाच हवी. पण तो दिवस निभावून घरी गेलेल्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी पुन्हा ओपीडी असते. त्याची विचारपूस कोण करतं?

असे दिवस साठत गेले की माणूस आतून रिकामा होतो. यालाच 'बर्नआउट' म्हणतात. थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि 'आपल्याकडून काही होत नाही' ही भावना, ही त्याची लक्षणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली.

यावर एक साधा उपाय म्हणजे सहकाऱ्याचा आधार. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. जो शापिरो यांनी २००८ मध्ये त्यासाठी केंद्र सुरू केलं. गंभीर घटना घडली की प्रशिक्षण घेतलेला सहकारी डॉक्टर स्वतःहून फोन करतो. चूक कोणाची, हा विषयच नाही. फक्त ऐकायचं, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. ऐकायला कसलं प्रशिक्षण? तर डॉक्टरांना लगेच उपाय सांगायची सवय असते, ती मोडावी लागते.

तिथल्याच २०१२ च्या एका पाहणीत ८८ टक्के डॉक्टरांनी आधारासाठी सहकारी डॉक्टरला पसंती दिली, मानसोपचारतज्ज्ञाला ४८ टक्क्यांनी. म्हणून फोन येण्याची वाट न पाहता तो आपणहून करणं महत्त्वाचं.

भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाच्या २०२४ च्या अहवालात, ऑनलाइन पाहणीतल्या सुमारे ३१ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, अशी शिफारसही त्यात आहे.

वणीसारख्या ठिकाणी मात्र बोस्टनची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. डॉक्टर मोजके, त्यात एखादा वरिष्ठ, आणि गाव लहान. गुपित राहणार कसं? तिथे दुसऱ्या तालुक्यातला डॉक्टर फोनवर जास्त उपयोगी पडेल. अर्थात, पदं रिकामी असतील आणि एकाच माणसावर सलग रात्रपाळ्या पडत असतील, तर कितीही फोन केले तरी झोप भरून निघत नाही.

तोवर डॉक्टरांसह कोणालाही 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास खुला आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.