पाखरांची वर्गणी

संस्था म्हटली की अध्यक्षांच्या गळ्यातला हार आठवतो, संस्थापकांची तसबीर आठवते. सभासदांची नोंदवही कोणाला आठवत नाही. नाव, पत्ता, वर्गणी कधी आली, कधी थकली, पावती क्रमांक काय, एवढाच तिचा मजकूर. वर्षभर ती कपाटाच्या खालच्या फळीवर पडून असते आणि वार्षिक सभा आली की तिच्यावरची धूळ झटकली जाते. मित्रहो, आज मी अशाच एका नोंदवहीविषयी बोलणार आहे. ती अमेरिकेतल्या ऑड्युबॉन सोसायटी या पक्षिप्रेमींच्या संस्थेची. एकदा या वहीत नावे फुकट लिहून घेतली, तेव्हा संस्थाच बुडाली. पुढे ही वही कुलपात ठेवली, तेव्हा एका बाईने संस्थेला कोर्टात खेचले.

काळ १८८६ चा. अमेरिकेत आणि युरोपात बायकांच्या टोप्यांवर पिसे लावायची फॅशन होती. कधी नुसता तुरा, कधी पंख, तर कधी पेंढा भरलेला अख्खा पक्षी. फ्रँक चॅपमन नावाचा पक्ष्यांचा नादी तरुण त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतून दोन दुपारी हिंडला. तो पक्षी मोजत होता, पण झाडांवरचे नाही, टोप्यांवरचे. त्याने ७०० टोप्या मोजल्या. त्यांतल्या ५४२ टोप्यांवर पिसे होती आणि ती ४० जातींच्या पक्ष्यांची होती.

सगळ्यात वाईट गत बगळ्यांची झाली. विणीच्या हंगामात पांढऱ्या बगळ्याच्या पाठीवर रेशमासारखी लांब पिसे येतात. नेमक्या त्याच दिवसांत घरट्यात पिले असतात. शिकारी वसाहतीत शिरत, मोठे पक्षी मारून पिसे उपटून नेत आणि पिले घरट्यातच उपाशी मरत. १९०३ साली या पिसांना औंसाला ३२ डॉलर भाव होता. सोने तेव्हा औंसाला वीस डॉलरच्या थोडे वर होते. सोन्याहून महाग वस्तू झाडावर बसलेली असेल, तर ती तिथे किती दिवस टिकणार?

जॉर्ज बर्ड ग्रिनेल हा न्यूयॉर्कच्या ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकाचा संपादक. त्याचे बालपण जिथे गेले, तिथे थोर पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन यांच्या विधवा पत्नी लुसीबाई मुलांना शिकवत असत. ग्रिनेल त्यांचा विद्यार्थी. फेब्रुवारी १८८६ मध्ये त्याने आपल्या अंकात नव्या संस्थेची कल्पना मांडली आणि तिला ऑड्युबॉनचे नाव दिले. सभासद व्हायला वर्गणी नव्हती. फक्त प्रतिज्ञा लिहून द्यायची होती. खाण्यासाठी नसलेला रानपक्षी मारणार नाही, घरटी आणि अंडी नासवणार नाही, पिसे दागिन्यासारखी मिरवणार नाही. एवढे लिहून पाठवले की सभासद.

लोक तुटून पडले. वर्षभरात ३९ हजारांच्या आसपास नावे जमली. पुढे आकडा ५० हजारांच्या जवळ गेला. आणि १८८९ च्या सुरुवातीला संस्थेचे मासिक बंद पडले, संस्थाही संपली.

असे का व्हावे? उत्तर हिशेबात आहे. ५० हजार माणसांना प्रमाणपत्रे पाठवायची, पत्रांना उत्तरे द्यायची, पत्रके छापायची. त्याला कागद लागतो, टपाल लागते, कारकून लागतो. हा सगळा भार एका साप्ताहिकाच्या कचेरीवर. शिवाय फुकट सभासदाचे नूतनीकरण नसते. तो कधी गळाला, कधी त्याने घर बदलले, कधी त्याच्या बायकोने पुन्हा पिसांची टोपी घेतली, हे वहीला कळत नाही. वही फुगत जाते आणि आतून पोकळ होत जाते. आपल्याकडच्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयाच्या चिटणीसाला विचारा. ज्याने पाच रुपये भरलेले असतात, तोच सभेत उठून हिशेब विचारतो. त्याचा राग येतो खरा, पण संस्था त्याच्यामुळेच चालते.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडात घडत होते. मँचेस्टरजवळ डिड्सबरी इथे एमिली विल्यमसन या बाईंनी १८८९ मध्ये आपल्या घरी अशीच एक संस्था काढली. वर्गणी होती दोन पेन्स. दोन पेन्स म्हणजे काहीच नाही, पण शून्यही नाही. तीच संस्था पुढे ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स’ झाली आणि आज तिचे सभासद १० लाखांहून अधिक आहेत.

अमेरिकेत दुसरा डाव मांडला तो बोस्टनच्या दोन बायकांनी. हॅरिएट हेमेनवे आणि तिची चुलतबहीण मिना हॉल. १८९६ साली फ्लॉरिडातल्या बगळ्यांच्या कत्तलीचे वर्णन हॅरिएटच्या वाचनात आले. दोघींनी काय केले? शहरातल्या प्रतिष्ठित घराण्यांची नावे-पत्ते असलेली ‘ब्लू बुक’ नावाची एक छापील वही असे, ती पुढ्यात घेतली. पिसांची टोपी घालत असतील अशा बायकांच्या नावांवर खुणा केल्या. मग त्या बायकांना चहाला बोलावले. एकेक करून सुमारे ९०० बायका संस्थेत आल्या. ग्रिनेलने आधीच पाखरांवर माया असणाऱ्यांची यादी केली होती. या दोघींनी गुन्हेगारांची यादी केली आणि तिलाच सभासदांची वही बनवले. मला तरी संस्थाकारणाच्या इतिहासात याहून हुशार युक्ती माहीत नाही. मात्र काळाची रीत बघा, अध्यक्षपदी एका पुरुषाला, विल्यम ब्रूस्टर या पक्षितज्ज्ञाला बसवावे लागले.

बोस्टनचे पाहून राज्याराज्यांत अशा संस्था उभ्या राहिल्या. प्रत्येकीची घटना वेगळी, वर्गणी वेगळी, वही वेगळी. १९०१ मध्ये त्यांची एक सैलसर समिती झाली आणि १९०५ मध्ये न्यूयॉर्कला राष्ट्रीय संघटना रीतसर नोंदवली गेली. तिचे पहिले अध्यक्ष विल्यम डचर हे व्यवसायाने विमा एजंट होते. हप्ता म्हणजे काय आणि तो चुकला तर काय होते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

या वर्गणीतून आणि देणग्यांतून काय होत होते, तेही सांगितले पाहिजे. फ्लॉरिडाच्या दलदलीत बगळ्यांच्या वसाहती राखायला गाय ब्रॅडली नावाचा पहारेकरी १९०२ मध्ये नेमला होता. पगार महिना ३५ डॉलर. सरकारकडे कायदा होता, पण पहाऱ्यासाठी पैसा नव्हता. तो पक्षिप्रेमींनी गोळा केला. पहारेकरी म्हणजे एक माणूस, एक होडी आणि मैलोन्‌मैल खारफुटी. ८ जुलै १९०५ रोजी ब्रॅडली शिकाऱ्यांना अडवायला गेला आणि त्याला गोळी घालून ठार केले. ज्याने गोळी झाडली, त्याच्यावर खटला भरण्याइतका पुरावाही ज्यूरीला दिसला नाही. ब्रॅडलीच्या विधवेला पुढे घर घेऊन दिले, तेही लोकवर्गणीतून. बोस्टनच्या चहाच्या कपापासून फ्लॉरिडाच्या या होडीपर्यंत एकच धागा होता, पावतीपुस्तकाचा.

१९१० मध्ये डचर यांना पक्षाघात झाला, वाचा गेली. कारभार गिल्बर्ट पिअर्सन यांच्याकडे आला. त्यांच्या काळात शाळांमधून मुलांची मंडळे निघाली. मुलाने दहा सेंट द्यायचे, त्याला पक्ष्यांच्या रंगीत चित्रांची पत्रके आणि छातीला लावायचा बिल्ला मिळायचा. काही वर्षांतच लाखो मुले सभासद झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन गावच्या शाळेत सातवीच्या एका बाईंनी असे मंडळ चालवले होते. त्यांच्या वर्गात रॉजर टोरी पीटरसन हा मुलगा होता. त्यानेच १९३४ मध्ये खिशात मावणारे, पक्षी ओळखायचे सचित्र पुस्तक लिहिले. दोन हजारांची पहिली आवृत्ती हातोहात संपली आणि पक्षिनिरीक्षण हा सामान्य माणसाचा छंद झाला. दहा सेंटांवर यापेक्षा जास्त व्याज कोणत्या बँकेने दिले असेल?

इथे आपल्या मुंबईची आठवण होणे साहजिक आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ ला, म्हणजे ग्रिनेलच्याही आधी, स्थापन झाली. संस्थापक आठ, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. तिथल्या सभासदांत हिंदी माणसे सुरुवातीला थोडीच. त्या थोड्यांत अमिरुद्दीन तय्यबजी होते. १९०८ मध्ये त्यांच्या भाच्याने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, असे भाच्याने विचारले, तेव्हा मामांनी त्याला सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवले. तो भाचा म्हणजे सालिम अली. मामा सभासद नसते, तर ती चिठ्ठी कोणाच्या नावे गेली असती?

पुन्हा अमेरिकेकडे वळू. वर्गणी थोडी आणि कामे फार, अशा वेळी मोठ्या देणगीचा मोह होतो. १९११ मध्ये बंदुका बनवणाऱ्या कंपन्यांनी संघटनेला वर्षाला २५ हजार डॉलर देऊ केले. शिकारीला पक्षी उरले पाहिजेत, हा त्यांचा हिशेब. संघटनेने आधी होकार दिला. ओरड झाली, तेव्हा पाऊल मागे घेतले. पण पुढची वर्षे टीकाकारांच्या मनात किंतु राहिला, की ही संस्था नक्की कोणाची?

तो प्रश्न उघड विचारला रोझाली एज यांनी. या बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या, आणि संघटनेच्या आजीव सभासद. १९२९ मध्ये पॅरिसमध्ये असताना संघटनेवर कोरडे ओढणारे एक पत्रक त्यांच्या हाती पडले. त्या ऑक्टोबरात त्या वार्षिक सभेला गेल्या आणि उभ्या राहून विचारू लागल्या. या आरोपांना उत्तर काय? पुढे लुइझियानातल्या अभयारण्याचे प्रकरण निघाले. संघटनेच्याच त्या जागेत मस्क्रॅट नावाचे केसाळ पाणउंदीर सापळे लावून मारले जात होते आणि त्यांच्या कातड्यांचा पैसा संघटनेच्या खात्यात जमा होत होता.

बाईंना इतर सभासदांना पत्रे लिहून सांगायचे होते, की मते आमच्या बाजूने द्या. त्यासाठी नावे-पत्ते हवेत. संघटनेने यादी द्यायला नकार दिला. सभासदांची यादी म्हणजे कचेरीची खाजगी मालमत्ता, असा एकूण आव होता. बाई १९३१ मध्ये कोर्टात गेल्या. संघटनेच्या वकिलाने त्यांना भांडखोर बाई ठरवण्याचा प्रयत्न केला. कोर्टाने यादी बाईंना द्यायला लावली. सुमारे ११ हजार नावे होती.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. सभासदांची नावे सभासदापासूनच लपवता येणार नाहीत, एवढे साधे ते आहे. आपल्याकडच्या किती मंडळांत, सोसायट्यांत ऐन निवडणुकीच्या तोंडावर यादी ‘सापडत नाही’, हे श्रोत्यांना ठाऊक आहेच.

निकालानंतरच्या वर्षांत संघटनेचे निम्म्याहून जास्त सभासद गळाले. महामंदीचा वाटा त्यात होताच, पण बाईंच्या पत्रकांचाही होता. १९३४ मध्ये पिअर्सन पायउतार झाले. त्याच वर्षी बाईंनी पेनसिल्व्हेनियात एक डोंगर भाडेपट्ट्याने घेतला. शरद ऋतूत तिथून हजारो ससाणे आणि गरुड स्थलांतर करतात आणि लोक रांगेने उभे राहून त्यांना गोळ्या घालत. बाईंनी तिथे पहारेकरी ठेवला, गोळीबार थांबवला आणि चार वर्षांनी त्या डोंगरासाठी स्वतंत्र संस्था काढली, अर्थातच सभासदांच्या वर्गणीवर. त्यांचे आणि ऑड्युबॉनचे वैर तीस वर्षे चालले. नोव्हेंबर १९६२ मध्ये टेक्ससला भरलेल्या ऑड्युबॉनच्या अधिवेशनाला त्या आल्या, वय ८५. सारे सभागृह उभे राहिले. त्यानंतर तीन आठवड्यांत त्या वारल्या.

मधल्या काळात, १९४० मध्ये, संघटनेचे नाव नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी झाले आणि गावोगावच्या मंडळांना शाखा म्हणून जोडून घेणे सुरू झाले. सभासदाने एकदा पैसे भरले की तो राष्ट्रीय संस्थेचाही आणि गावच्या शाखेचाही. त्यातून शाखेचा वाटा परत यायचा. ऐकायला सोपे, चालवायला महाकठीण. पत्ता बदलला तो कोणाला कळवायचा? नूतनीकरणाचे पत्र कोणी पाठवायचे? सहली काढणार शाखा आणि आभाराचे पत्र येणार न्यूयॉर्कहून! २००० नंतर वाटणीचे सूत्र बदलले, शाखांच्या पदरी कमी पैसे येऊ लागले, तेव्हा कित्येक शाखांनी फक्त आपल्यापुरते सभासद वेगळे नोंदवायला सुरुवात केली. म्हणजे एकाच्या दोन वह्या झाल्या.

अलीकडे तर नावावरूनच फाटले. चित्रकार ऑड्युबॉन गुलाम बाळगत होता, गुलामांची खरेदी-विक्री करत होता. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय संस्थेच्या मंडळाने नाव कायम ठेवायचे ठरवले. पण सिएटलच्या शाखेने त्याच वर्षी आणि न्यूयॉर्क शहराच्या शाखेने २०२४ मध्ये आपल्या पाटीवरून ते काढून टाकले. शाखा म्हणून दोघी राष्ट्रीय संस्थेशी जोडलेल्याच आहेत.

आणि बोस्टनची, हॅरिएट आणि मिनाची संस्था? ती राष्ट्रीय संस्थेची शाखा कधी झालीच नाही. तिची वर्गणी वेगळी आहे, पावती वेगळी आहे, आणि चहाच्या टेबलावर सुरू झालेली ती वही अजून मॅसॅच्युसेट्सच्याच कपाटात आहे.